कुठल्या कायद्याने?

मागच्या डिसेंबरात भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारात निघालो होतो. नाक्यावर हवालदाराने हात केला. गाडी थांबते न थांबते तोच त्याने किल्ली काढून खिशात घातली. हेल्मेट होतं, लायसन्स होतं, पीयूसीही होतं. भाचा चोवीस वर्षांचा, अंगात रग. त्याने विचारलं, "साहेब, किल्ली कुठल्या कायद्याने काढली?" त्यावर आलेलं उत्तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. "मला कायदा शिकवतो का?"

मी मागून भाच्याचा खांदा दाबला. गप्प बस, या अर्थाने. एक इंडिकेटर लागत नाही एवढ्यावर पावती फाटली, किल्ली मिळाली, आम्ही निघालो. बाजारात काय घेतलं ते आठवत नाही. खांदा दाबलेला मात्र आठवतो, कारण दहाच दिवस आधी, २६ नोव्हेंबरला, एका शाळेत संविधानावर अर्धा तास बोलून मी शाल-श्रीफळ घेऊन आलो होतो.

भाषणात मी जे सांगायला हवं होतं ते भाच्याने नाक्यावर एका प्रश्नात सांगितलं. राज्यघटना सामान्य माणसाला काय देते, तर सत्तेपुढे उभं राहून 'कुठल्या कायद्याने?' असं विचारायची मुभा देते. बाकीचं बरंचसं या प्रश्नाला बळ यावं म्हणून केलेलं बांधकाम आहे. हे मत कुणाला फार आखूड वाटेल. पण घटना उघडून पाहा. एकविसावं कलम सांगतं की कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवताही येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. कलम ३०० अ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. जीव, पैसा, घरदार. तिन्ही ठिकाणी सरकारच्या हाताला एकच अट बांधलेली आहे. तिन्ही वाक्यं नागरिकाच्या बाजूची असली तरी ती ऐकायची आहेत सरकारने.

हेच आपण उलटं करून ठेवलं आहे. शाळेत परिपाठाला मुलं उद्देशिका म्हणतात, कचेऱ्यांत ती काचेच्या चौकटीत टांगलेली असते, आणि व्यासपीठावरचा पाहुणा हटकून म्हणतो, "हक्क मागताना कर्तव्यं विसरू नका." मूळ घटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हतीच. ती आली १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने, म्हणजे आणीबाणी चालू असताना. हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात असताना सरकारला नागरिकांची कर्तव्यं आठवली, हा योगायोग मला काही साधा वाटत नाही. यादीतली कर्तव्यं चांगलीच आहेत. झाडं जपावीत, वैज्ञानिक दृष्टी बाळगावी, याला कोण नाही म्हणेल? पण त्यासाठी राज्यघटना लागत नाही, शेजारधर्म पुरतो. ठाणेदाराला थोपवायला मात्र शेजारधर्म पुरत नाही.

पूजेबद्दल खुद्द बाबासाहेबांचं मत ठाऊक असूनही आपण पूजाच करतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेल, राजकारणातली भक्ती मात्र हुकूमशाहीकडे नेते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५३ साली, राज्यसभेत चिडून ते म्हणाले की ही घटना जाळायची वेळ आली तर पहिला मी असेन. पुढे १९५५ मध्ये खुलासाही केला: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसवायच्या आत सैतानाने ते बळकावलं, तर दुसरं काय करणार? मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या कामाकडे इतक्या कोरड्या नजरेने पाहत होता. आपण मात्र हार घालून मोकळे होतो.

प्रश्न विचारायला आधी विचारणाऱ्याला नाव लागतं. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होऊ लागल्या तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या काही राज्यांत, लाखो बायकांनी आपलं नाव सांगायला नकार दिला. नोंद झाली 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, मतदाराचं स्वतःचं नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, आणि एकेक मत महत्त्वाचं असताना एवढी मतं गळाली यावर टीकाही झाली. पण त्यातलं तत्त्व पाहा. तोवर सरकारच्या लेखी बाई म्हणजे कुणाच्या तरी घरातलं माणूस. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. त्या देशात सरकारी कारकून दारात येऊन म्हणाला, बाई, तुमचं नाव सांगा, नवऱ्याचं नको. समतेच्या चौदाव्या कलमाचा अर्थ मला या प्रसंगात जेवढा कळतो तेवढा भाष्यग्रंथात कळत नाही.

अर्थात कागदावर चांगली वाक्यं असली की भागलं असं नाही. याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात असताना पोर्तुगालला १९३३ ची लेखी घटना होती आणि तिच्यात विचार मांडण्याचं स्वातंत्र्यही नमूद केलेलं होतं. सोबत एक शेपूट होतं: या स्वातंत्र्याचं नियमन खास कायद्यांनी होईल. त्या शेपटाने सगळं गिळलं. छापायच्या मजकुराला सेन्सॉरची मंजुरी लागे, सभेला परवानगी लागे. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात सभेला उभे राहिले ते एवढ्याच मागणीसाठी, की लोकांना बोलू द्या. त्यांना आणि ज्युलियांव मिनेझिस यांना पकडून नेलं. 'कुठल्या कायद्याने?' असं कुणी विचारलं असतं तर कायदा दाखवणं पोर्तुगीज अधिकाऱ्याला सहज जमलं असतं. कायदे भरपूर होते. तो कायदा तरी योग्य आहे का, हे विचारायला जागा नव्हती.

आपल्या घटनेलाही ही अडचण पहिल्याच वर्षी आली. कलम २१ लिहिताना अमेरिकेतली 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही कल्पना घ्यायची की नाही, यावर बराच खल झाला. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले आणि परतल्यावर ती कल्पना गळाली. न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाईल अशी धास्ती होती. राहिलं ते 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती'. म्हणजे संसदेने कायदा केला की झालं. ही तूट आंबेडकरांना खटकत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये भरपाई म्हणून त्यांनी एक कलम आणलं, तेच आजचं बाविसावं: अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. त्याच कलमात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेची, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच माणसाला आत टाकण्याची सोयही आहे. एकाच कलमाच्या एका पोटात औषध आणि दुसऱ्या पोटात विष, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९५० मध्ये मलबारचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी तुरुंगातून तोच प्रश्न विचारला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचं बहुमत म्हणालं, कायदा आहे ना, मग तो न्याय्य आहे का हे आम्ही पाहणार नाही. आठवड्याभराने त्याच न्यायालयाने मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी उडवली. सरकारला ते सोसलं नाही. जून १९५१ मध्ये, देशात एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नसताना, पहिली घटनादुरुस्ती आली आणि भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने नवी बंधनं घालायची वाट मोकळी झाली. त्या झटापटीत एक शब्द नागरिकाच्या पदरात पडला: बंधनं 'वाजवी' असली पाहिजेत. दिसायला किरकोळ, बाजारातल्या घासाघिशीतला शब्द. पण वाजवी काय आणि गैरवाजवी काय, हे ठरवायला न्यायालयाचं दार त्या शब्दाने उघडं ठेवलं.

आणि एकदा ते दार बंदही झालं. आणीबाणीत, २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, कलम १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क थांबवण्यात आला. 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या अर्जांवर देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी तरीही सांगितलं, आम्ही ऐकू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती खन्नांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी माणूस मारला तर दाद कुठे मागायची? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. एकटे खन्ना विरोधात गेले आणि पुढल्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आलं. चौघांमध्ये आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. 'कुठल्या कायद्याने?' या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उत्तर नाक्यावरच्या हवालदाराहून फार वेगळं नव्हतं, भाषा तेवढी सभ्य होती.

प्रश्न विचारला गेला तो न्यायालयाबाहेर. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंनाही तुरुंगात जावं लागलं. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार घालवलं, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ठरवलं की यापुढे आणीबाणीतही कलम २० आणि २१ ला हात लावता येणार नाही. या क्रमाकडे नीट पाहायला हवं. घटनेने लोकांना वाचवलं असं आपण म्हणतो. १९७७ साली लोकांनी घटनेला वाचवलं, आणि तेही घटनेनेच दिलेल्या मताने.

गोपालन खटल्यातली चूक दुरुस्त व्हायला जानेवारी १९७८ उजाडावा लागला. मनेका गांधींचा पासपोर्ट 'सार्वजनिक हितासाठी' म्हणून जप्त झाला आणि कारणं सांगायला सरकारने नकार दिला. हे सरकार आणीबाणीविरुद्ध निवडून आलेलं, आणि अर्जदार इंदिरा गांधींची सून. न्यायालयाने सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि मनमानी नसलेली असली पाहिजे. माजी पंतप्रधानांच्या घरातल्या पासपोर्टावरून हा निकाल झाला आणि त्याचा आधार पुढे फुटपाथवरच्या माणसाने घेतला.

इथे कुणीतरी म्हणेलच: हे सगळं ठीक, पण घटनेने पोट भरतं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याची दोन उत्तरं आहेत, एक अर्धं आणि एक पुरं.

अर्धं उत्तर मुंबईचं. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या काढून त्यांना आपापल्या गावी पाठवून देण्याचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि खुद्द फुटपाथवासी न्यायालयात गेले. १९८५ मध्ये पाच न्यायमूर्तींनी, आणि निकाल लिहिणारे होते तेच चंद्रचूड, मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण रोजगार काढून घेतला की जगणं उरतच नाही. तरीही फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. पाऊस संपून महिना होईपर्यंत हात लावू नका आणि हटवण्याआधी म्हणणं ऐकून घ्यायला हवं, इथवर गोष्ट आली. झोपडी वाचली नाही. पण तिच्यात राहणारा म्हणजे रस्त्यावरचा कचरा नाही, त्याला विचारावं लागतं, एवढं कायद्याच्या पुस्तकात चढलं. याला विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे मात्र घरं पाडायला आलेल्या पथकापुढे वस्तीतली माणसं नोटीस मागतात, त्या मागणीला या निकालाचं बळ आहे.

पुरं उत्तर शाळेतल्या खिचडीचं. १९९५ ची पोषण आहार योजना होती, पण बहुतेक राज्यांत तिच्याखाली मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळे. आपल्याकडे तांदूळ. तो घरातल्या पातेल्यात जाई आणि मुलाच्या ताटात किती पडे ते देव जाणे. २००१ साली देशाची धान्यकोठारं भरलेली आणि राजस्थानात दुष्काळ, अशा स्थितीत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना कलम ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट, सर्वोच्च न्यायालयात गेली. मुद्दा एकविसाव्या कलमाचाच होता: गोदामात धान्य असताना माणूस उपाशी राहिला तर जगण्याचा हक्क कुठे गेला? २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न देणं राज्यांना बंधनकारक झालं. दिवसाला किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे किमान २०० दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेमागे चुलीवर डेग चढते तिच्याखालच्या जाळात बत्तिसाव्या कलमाचंही एक लाकूड आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण तो म्हणीत मुरलेला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीला मी हसणार नाही. देशात पाच कोटींच्या आसपास खटले तुंबलेले आहेत. तुरुंगातल्या चार माणसांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. ज्याला तारखेला जायचं तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्याला कलम ३२ हा घटनेचा आत्मा आहे असं सांगणं ही थट्टा होईल. शिवाय न्यायालयाने सांगितलं म्हणजे खाली पोहोचतं असंही नाही. १८ नोव्हेंबर २०१२ ला, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. इतर कलमांबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लागलं, ज्यात 'त्रासदायक' मजकूरसुद्धा गुन्हा होता. त्रास कुणाला आणि किती, हे ठरवणार पोलीस. या प्रकरणाने हादरलेली दिल्लीची एक तरुणी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. १९५१ चा 'वाजवी' हा शब्द तिथे कामी आला. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं की रद्द झालेल्या कलमाखाली देशभरात अजूनही गुन्हे नोंदवले जात आहेत. मेलेलं कलम सहा वर्षं ठाण्यांत कामावर हजर होतं.

म्हणून पायरी चढू नये म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की पायरी चढायच्या खूप आधी, नाक्यावर, तलाठ्याच्या टेबलापुढे, ग्रामसभेत हा प्रश्न विचारता येतो. कोर्ट पाठीशी आहे एवढं दोघांनाही ठाऊक असलं की बऱ्याचदा तिथेच काम होतं. ते समोरच्याला ठाऊक नसेल, किंवा विचारणाऱ्याचाच खांदा कुणी दाबला, तर कोर्ट असून नसून सारखंच. आणि दर वेळी वकील लागतोच असंही नाही. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका कायदेमदत संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, अकरा नियम आले: अटक करणाऱ्याने नावाची पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर करावा, घरच्यांना कळवावं, वैद्यकीय तपासणी करावी, वगैरे. हे नियम प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावावेत असंही त्यात आहे.

या फेब्रुवारीत पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात गेलो होतो. बाकावर बराच वेळ बसायला लागलं, तेव्हा भिंती वाचत बसलो. एका कोपऱ्यात तो फलक होता, मराठीत, नीट रंगवलेला. पुढे लोखंडी कपाट. पहिले दोन नियम आणि तिसऱ्याचा अर्धा, एवढंच दिसत होतं. या वेळी माझा खांदा दाबायला मागे कुणी नव्हतं. मी टेबलावरच्या हवालदारांना म्हटलं, कपाट जरा सरकवता आलं तर बरं होईल, फलक झाकलाय.

"जड आहे हो," ते म्हणाले. "मुद्देमाल भरलाय." मग चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पासपोर्टला आलाय ना? मग तुम्हाला कशाला लागतंय ते?"